गोगलगायीची मिशी

बाळा, लिही. अक्षर नीट काढ, आत्या वाचणार आहे.

तुझी आत्या, म्हणजे माझी धाकटी, संशोधक आहे. ती नक्की काय करते असं कुणी विचारलं की मी सांगायची, "गोगलगायी वाचते." समोरचा माणूस विषयच बदलायचा. तू मात्र सविस्तर लिही. प्रत्येक जिवाच्या अंगात आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी सगळ्या सूचना लिहून ठेवलेल्या असतात. नख असं करायचं, डोळा तसा करायचा. त्यातली एक सूचना म्हणजे एक जीन. आत्या त्या सूचना वाचते. माणसाच्या नाही, गोगलगायीच्या.

आता गोगलगायच का? तर तुझ्या बाबामुळे. लहानपणी नळापाशी त्याचा पाय एका गोगलगायीवर पडला. कवचाचा कोपरा फुटला. आत्या रडली, मग ती गोगलगाय बरणीत घालून बसली. रोज पाला घालायची, पाणी शिंपडायची. होता होता फुटलेल्या जागी दुधाच्या सायीसारखा पापुद्रा धरला आणि पुढे तो टणक झाला. तेव्हा तुझा बाबा सुटला आणि आत्या अडकली ती कायमचीच. फुटलेलं कवच आतून कोण जोडतं, कुठली सूचना आधी जागी होते, हेच तिचं काम.

तिची खोली मी पाहिली आहे. संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला. दोन बेसिन, घरघरणारा फ्रीझर, आणि भिंतभर फळ्यांवर प्लॅस्टिकचे डबे. झाकणाखाली ओलं फडकं, आत कोबीची पानं आणि गोगलगायी. आत गेलं की पावसात भिजलेल्या चपलेसारखा वास येतो. सुट्टीच्या दिवशीही ती पानं बदलायला जायची. तुझा बाबा म्हणायचा, "अगं, त्यांना एक दिवस उपास घडला तर काय बिघडेल?" ती म्हणायची, "तू राहा उपाशी, मी तुझ्यावर पेपर लिहिते."

पेपर म्हणजे तो सकाळचा, चहाबरोबरचा नव्हे. यांच्यात माणूस चार-चार वर्षं मान मोडून काम करतो, मग दहा पानं लिहितो आणि एका मासिकाला पाठवतो. मासिकवाले ती पानं दोन अनोळखी माणसांना देतात. ती माणसं म्हणतात, ठीक आहे, पण अजून एक प्रयोग करा. तो केला की म्हणतात, आता आणखी एक. असं नाकातोंडाशी पाणी आलं की मग तो छापतात. आणि बाळा, छापला म्हणजे संपलं असं नाही, खरी गंमत तिथून पुढे. दुसऱ्या कुणीतरी आपल्या पेपरात तुझ्या पेपराचं नाव घ्यायला हवं. त्याला म्हणतात सायटेशन. जितके जण नाव घेतील तितकी तुझी किंमत. तुझा पेपर कुणी वाचला का, कुणाला कळला का, ते कुणी विचारत नाही. नाव घेतलं का, एवढंच.

आत्याचे कवचावरचे पेपर होते पाच. त्यांची नावं घेतली होती दोघांनी मिळून दोनदा. एकदा तिचं तिनेच. आणि दुसऱ्यांदा कुठल्याशा परदेशी माणसाने, तेही असं, की गोगलगायींचा विचार आम्ही या पेपरात केलेला नाही.

तरी मी तिला म्हटलं, "निदान तुझं नाव घेऊन नाही म्हणाला ना."

यात आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या संस्थेच्या साहेबांनी, म्हणजे डायरेक्टरांनी, खाली दाराशीच एक विजेचा बोर्ड लावला होता. प्रत्येकाचं नाव आणि पुढे सायटेशनचा आकडा, तांबडा लाल, लिफ्टमध्ये मजला दिसतो तसा. बोर्डाखाली वॉचमनचं टेबल. कुणाला किती मान द्यायचा ते तो बोर्ड बघून ठरवायचा. मोठ्या आकड्याचा माणूस आला की उभा राहायचा. आत्या आली की नुसतं हं करायचा.

आणि नोकरी पक्की नव्हती. वर्षावर्षाच्या करारावर चाललेली. एक समिती येणार, आकडे बघणार, आकडा भरला तर कायम आणि नाही भरला तर घरी जा. आत्या घरी आली असती तर आम्ही तिला काय, दोन वेळचं जेवण घातलं असतं. पण गोगलगायींचं काय? साहेब एकदा त्या खोलीत आले, हात मागे बांधून फिरले आणि म्हणाले, "उजेड छान आहे. पाहुण्यांसाठी बैठकीची खोली होईल इथे. सोफा या भिंतीला."

आत्याने विचारलं, "आणि या?"

"बागेत सोडा की. गोगलगायीच आहेत."

बाळा, त्या डब्यातच जन्मलेल्या. त्यांच्या आज्या-पणज्या डब्यातच वाढलेल्या. पक्षी म्हणजे काय हे त्यांना माहीतच नाही. बागेत सोडायचं म्हणजे पाखरांना ताट वाढून द्यायचं. त्या दिवशी घरी आल्यावर आत्याने चहासुद्धा घेतला नाही.

अशातच ती मिशी निघाली.

झालं असं. कवचाची कड ती नखं घासायच्या कानशीने जराशी घासायची आणि मग त्या जागेचा कणभर तुकडा घेऊन आत कुठल्या सूचना जाग्या झाल्या ते बघायची. त्यासाठी एक यंत्र असतं. सूचनेचा एक कण घातला की त्याच्यासारखे लाखो करून देतं, म्हणजे मग वाचता येतं. त्या यंत्रातून एक दिवस असा जीन बाहेर आला, जो गोगलगायीत आजवर कुणी पाहिलाच नव्हता. मिशीचा जीन! आणि मिशी कुणाची, तर मांजराच्या मिशीशी तंतोतंत जुळणारी.

तू हसतोयस. हस, पण त्या वेळी कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. मला वाटलं, असेल बाई, पोटात काय काय असतं कुणाला ठाऊक. आत्या साशंक होती. पेपराच्या शेवटी तिने लिहिलं होतं, हे पुन्हा तपासून पाहायला हवं. साहेबांनी ते वाक्य खोडलं. म्हणाले, "मॅडम, शेवट दणक्यात हवा. आणि मासिकात जागा किती कमी असते!"

पेपर छापून आला आणि बोर्डावरचा आकडा जो धावायला लागला! जगात एकच गलका. गोगलगायीला पूर्वी अंगभर केस होते म्हणे, कवच आल्यावर ते गळले. गोगलगाय आणि मांजर लांबची बहीणभावंडं म्हणे. एका दाढीवाल्या प्रोफेसराने तर केसाळ गोगलगायीचं चित्रच काढून घेतलं, तिला मिशा, शेपटी, सगळं. त्याने स्वतःच्या गोगलगायी तपासल्या. सापडला मिशीचा जीन! आणखी दोघा-तिघांना सापडला. पण काहींना अजिबात सापडेना. त्यांच्यात एक होता, त्याला सगळे शिंक्या म्हणायचे. तो म्हणाला, हे सगळं थोतांड आहे. झालं, दोन तट पडले. एक मिशीवाले, एक बिनमिशीचे. एकमेकांवर पेपर लिहून तुटून पडायचे. आणि भांडायला कुठून सुरुवात करणार? आत्याच्या पेपरापासून. मिशीवाले नाव घ्यायचे, बाईंनी थोर शोध लावला. बिनमिशीवाले नाव घ्यायचे, बाईंनी जगाला खड्ड्यात घातलं. बोर्डाला काय, शिवी आणि ओवी सारखीच. आकडा वाढला.

वॉचमन आता आत्याला बघून उभा राहायचा. वर म्हणायचा, "मॅडम, जेवणाच्या सुट्टीत आणखी सहा आले. त्यातले चार तुमच्या विरुद्ध होते, अभिनंदन."

एच नावाचीही एक भानगड असते, तीही लिही. एच म्हणजे असं समज, तुला पाच मुलं आहेत. पाचही मुलांना निदान पाच-पाच माणसं ओळखत असतील तर तुझा एच पाच. पण एकच मुलगा जगात गाजलाय आणि बाकीच्यांना शेजारच्याने एखादी हाक मारली असेल, तर तुझा एच एक. आत्याचा आकडा संस्थेत सगळ्यांत मोठा आणि एच एक! साहेब म्हणाले, "एच बोर्डावर दिसत नाही. आपणही काढायचा नाही."

मग परदेशी मोठी सभा भरली. मिशीवाले हॉलच्या डाव्या बाजूला, बिनमिशीवाले उजव्या. आत्याला मधोमध बसवलं. आता हे मी पाहिलेलं नाही, पण तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे चहा घेत होते असं वाटतं.

चहाच्या वेळी दाढीवाला तिच्यापाशी आला. "बाई, तुम्ही आमच्या शास्त्राच्या आई आहात."

तेवढ्यात कप घेऊन शिंक्या आला, भांडायलाच. "बाई, तुमचा हा जीन म्हणजे निव्वळ... आक् छी! म्हणजे शुद्ध... आक् छी!"

"मुद्दे संपले की यांना शिंका येतात," दाढीवाला म्हणाला.

आत्याचा स्वभाव मऊ. तिने रुमाल पुढे केला. "सर्दी झाली आहे का तुम्हाला?"

"सर्दी नाही हो. जवळपास मांजर असलं की मला असं होतं. जन्मापासून. पण इथे... आक् छी... इथे कुठलं आलंय मांजर?"

आत्याने वाकून टेबलाखाली बघितलं. मांजर नव्हतं. वर येता येता तिची नजर दाढीवाल्याच्या काळ्या कोटाच्या बाहीवर गेली. बाहीवर पांढरे केस.

"तुमच्याकडे मांजर आहे?" तिने विचारलं.

"तीन!" तो खूश होऊन म्हणाला.

मग ती डावीकडच्या प्रत्येकापाशी गेली. एकाकडे एकच, पण फार लाडावलेलं. दुसरीकडे दोन, पलंगावर झोपणारी. उजवीकडे गेली तर एकाकडे कुत्रा, एकाकडे पोपट, आणि एकीकडे काहीच नाही, नुसता नवरा.

बाळा, जगातली एवढी डोकी! दोन वर्षं एकमेकांची उणीदुणी काढत होती. मांजरवाल्यांना मांजर सापडत होतं आणि बिनमांजरवाल्यांना सापडत नव्हतं. आणि मिशी मांजराशी तंतोतंत जुळते हे पहिल्याच पानावर छापलेलं! तेच तर नवल म्हणून नावाजलेलं.

आमच्या घरी तेव्हा बोका होता. पांढरा, गलेलठ्ठ. आणि आत्याला एक सवय. तो कामावरचा पांढरा कोट ती घरी धुवायला आणायची, कारण संस्थेचा धोबी बटणं तोडायचा. धुतलेला कोट टोपलीत ठेवला की बोका त्यात जाऊन झोपायचा. पांढऱ्यावर पांढरा, दिसणार काय? एक केस पडला असेल, त्याच्या मुळाशी कणभर काहीतरी चिकटलं असेल, आणि यंत्राने त्या कणाचे लाखो केले.

सभेहून परत आली ती हातातली बॅग खाली न ठेवता तिने ताटलीवरून बोका ओढला आणि त्याच्या पाठीचा एक केस मुळासकट उपटला. त्याने तिला ओरबाडलं.

मी म्हटलं, "अगं, त्याला जेवू तरी दे सुखाने!"

"आई," ती म्हणाली, "दोन वर्षं आपणच जेवतोय त्याच्या जिवावर."

केस तपासला. जुळला. नुसता मांजराशी नाही, आमच्याच बोक्याशी. एका जागी एक बारीकशी खोड होती, तीसुद्धा त्याचीच. त्या खोडीवर दोघा मोठ्या माणसांनी स्वतंत्र पेपर लिहिले होते.

आत्या साहेबांकडे गेली. समिती यायला थोडेच दिवस राहिले होते. तिने सगळं सांगितलं. साहेबांनी उठून दार लावलं.

"मॅडम, हे बोक्याला माहीत आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे घराबाहेर कुणाला माहीत आहे का?"

"नाही."

"मग समिती जाईपर्यंत तुमच्या पोटात ठेवा. एकदा कायम झालात की खुशाल सांगा. नंतर काढून टाकता येत नाही."

"साहेब, पण ते खोटं आहे."

"खोटं कसं? बोका खरा, केस खरा, सायटेशन खरे. जागा तेवढी चुकली."

घरी येऊन तिने तुझ्या बाबाला विचारलं. तो जेवत होता. म्हणाला, "अगं ए शहाणे, आठवडाभर तोंडाला कुलूप लाव. गोगलगायी वाचतील. तू त्यांच्यासाठीच करतेयस ना सगळं?"

"त्यांच्यासाठीच करायचं तर त्यांच्याबद्दल खोटं बोलू?"

"त्या वाचणार आहेत का तुझा पेपर?"

"दादा, माणसंही वाचत नाहीत. तेच तर दुखणं आहे."

आत्याने हळूच मासिकाला विचारलं, पेपर मागे घ्यायचा झाला तर काय करावं लागतं. तर संपादकाचा घरी फोन! "बाई, असं करू नका. आमच्या मासिकात सगळ्यांत जास्त नाव याच पेपराचं घेतलं जातं. तो गेला तर आमचाही आकडा पडेल." मग मासिकाकडून बातमी फुटली आणि दाढीवाल्याचा फोन आला. त्याच्या नव्या इमारतीवर केसाळ गोगलगायीचं चित्र कोरून झालं होतं. पुसायचं कसं? शिवाय मांजरं त्याची नाहीतच, बायकोची आहेत, असंही तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

शेवटी शिंक्याचा फोन आला. आत्याला वाटलं, निदान हा तरी खूश होईल.

तो म्हणाला, "बाई, तुम्ही मला बुडवणार."

"अहो, पण तुमचंच खरं निघालं!"

"तेच तर! दोन वर्षं तुम्हाला खोटं पाडण्यावरच माझं चाललंय. चौदा पेपर झाले. हाताखाली आठ माणसं आहेत, त्यांना पगार मिळतो. तुम्हीच कबूल केलंत तर उद्यापासून मी कुणाला खोटं पाडू? अजून थोडे दिवस ताठ राहा. तुमच्या पाया पडतो... आक् छी!"

"आता कशाला शिंकलात? मांजर तर फोनमधून येत नाही."

"आठवणीने," तो म्हणाला.

दोस्त म्हणतो सांगू नको, शत्रू म्हणतो सांगू नको. मला एकच दिसत होतं, की पोरगी कोबीची पानं निवडता निवडता थांबते आणि पानाकडे बघत बसते.

मग एक मेल आला. कुठली कोण मुलगी, ना ओळख ना देख. तिने लिहिलं होतं, मॅडम, मी चांगली नोकरी सोडून पुढची पाच वर्षं गोगलगायीच्या मिशीवर काम करायचं ठरवलंय, काही सल्ला द्याल का? आत्याने तो मला वाचून दाखवला. "आई, ही पाच वर्षं आपल्या बोक्याला देणार आहे," ती म्हणाली. तिथेच बसून तिने आधी त्या मुलीला उत्तर लिहिलं, नोकरी सोडू नकोस. मग मासिकाला लिहिलं: हा जीन गोगलगायीचा नाही, माझ्या घरच्या मांजराचा आहे, कोटावरून आला, पेपर मागे घेत आहे. आणि बटण दाबलं.

मासिकवाल्यांनी नाइलाजाने छापलं. पेपर गेला आणि त्याबरोबर त्याचे सायटेशनही गेले. दुसऱ्या दिवशी बोर्डावर आत्याच्या नावापुढे आला दोन. वॉचमनला वाटलं बोर्ड बिघडला. तो स्टुलावर चढला आणि दांडक्याने दोन ठोके मारून पाहिले. दोनच. तो खाली उतरला, बसला आणि आत्याला बघून हं म्हणाला.

सोफा त्याच आठवड्यात आला. तपकिरी, तिघांना पुरेल असा. आत्याच्या दाराबाहेर उभा करून ठेवला, आत जायची वाट बघत.

आत्या रोज चार-पाच डबे घरी आणायला लागली. बाथरूममध्ये डबे, कपाटावर डबे, तुझ्या बाबाच्या बुटांच्या खणात डबे. बोका एका डब्यापाशी गेला, वास घेतला आणि तोंड फिरवून निघून गेला. तुझा बाबा म्हणाला, "बघा, लांबची बहीण भेटली तरी ओळख दाखवत नाही." आत्या खूप दिवसांनी हसली. आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "दादा, इथे किती दिवस जगवू त्यांना? घरात गारवा नाही, उन्हाळा आला की संपल्या."

मी झाकणांखालची फडकी ओली करत राहिले. दुसरं काय करणार?

तेवढ्यात समितीची तारीख काही महिने पुढे गेली, आणि इकडे एक भलतंच सुरू झालं. आत्याने जे पेपर मागे घेतल्याचं लिहिलं होतं ना, अर्धं पानभर, तेही मासिकात तिच्याच नावाने छापलं गेलं होतं. म्हणजे हिशेबाला तोही एक पेपरच. आणि आता सगळ्यांना त्याचंच नाव घेणं भाग! बिनमिशीवाले लिहायला लागले, आम्ही सांगतच होतो, बघा बाईंची कबुली. मिशीवाले लिहायला लागले, बाईंच्या कबुलीनंतर आम्हीही आमचे कोट तपासले. उंदरांवर काम करणारे, माशांवर काम करणारे, कुणीही उठावं आणि आपल्या पेपरात खाली लिहावं, आमच्या घरी मांजर नाही, आणि पुढे आत्याचं नाव. दाढीवाल्याने कोटावरचे केस कसे झाडावेत यावर एक लांबलचक पेपर लिहिला, त्यात पानोपानी आत्या. शिंक्याला तर पर्वणीच. त्याने आपली शिंक हीच मांजर ओळखायची पद्धत म्हणून छापली. आता त्याला दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत पाहुणा म्हणून बोलावतात. तो दारात उभा राहून नुसता श्वास घेतो.

बोर्ड पुन्हा धावायला लागला. आधीचा आकडा केव्हाच मागे पडला. एच मात्र, बाळा, एकच राहिला!

समिती आली तेव्हा आत्याच्या खोलीत चारच डबे उरले होते. तिघं जण होते. एक सारखा घड्याळ बघणारा, एक सारखं हो म्हणणारा, आणि अध्यक्षबाई, माझ्याच वयाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. साहेबांनी त्यांना बोर्डाखालूनच आणलं आणि बोर्डापुढे जरा थांबवलं.

आत गेल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमचा सर्वांत गाजलेला पेपर म्हणजे, तुमचा पेपर चुकला होता असं सांगणारा पेपर?"

"हो."

"म्हणजे तुम्ही काही शोधलंत, की काही शोधलं नाहीत?"

"बोका शोधला," आत्या म्हणाली. "पण तो घरीच होता."

घड्याळवाला म्हणाला, "चुकीबद्दल घेतलेलं नाव मोजायचं की नाही?"

हो म्हणणारा म्हणाला, "हो."

"हो म्हणजे मोजायचं?"

"नियमात आकडा बघा असं आहे," साहेब मध्ये पडले. "आकडा कशाने झाला ते बघा असं नाही. एकदा घेतलेलं नाव परत घेता येतं का? मग?"

अध्यक्षबाईंनी आकडा लिहिला. भरत होता. भरून वर उरत होता. साहेबांनी लगेच बाहेर बघून खूण केली, सोफा परत न्या म्हणून. पण अध्यक्षबाईंचं पेन थांबलं. "पुढे विषय लिहायचा असतो. कुठल्या विषयासाठी कायम करायचं? मांजर की गोगलगाय?"

"मांजर," साहेब म्हणाले. "सगळे सायटेशन मांजराचे आहेत."

"गोगलगाय," आत्या म्हणाली.

"मॅडम, गोगलगायीचे दोन आहेत! त्यात एक तुमचाच!"

"आणि दुसऱ्याने गोगलगायींचा विचार केलेला नाही. माहीत आहे मला. तरी गोगलगाय लिहा."

"आणि मांजर लिहिलं तर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मग ही खोली मांजराची होईल. गोगलगायी बागेत जातील. मी येणार नाही."

आत्याने एवढं बोलून हात जोडले नाहीत की डोळ्यांत पाणी आणलं नाही. उरलेल्या चार डब्यांपैकी एक हातात घेऊन उभी राहिली. तिच्या मनात एकच, आता नाही म्हणाल्या तर हा घरी कुठे ठेवायचा.

घड्याळवाल्याने घसा साफ केला. "एक अडचण आहे. मांजर लिहिलं तर प्राण्यांवर प्रयोग करायची परवानगी घ्यावी लागेल. त्याची वेगळी समिती असते. ती वर्षातून एकदा बसते, आणि यंदाची बसून गेली."

"आणि गोगलगायीला परवानगी?"

"लागत नाही. त्या यादीत गोगलगाय प्राणी धरत नाहीत."

"मग काय धरतात?"

"काहीच धरत नाहीत."

अध्यक्षबाईंनी साहेबांकडे बघितलं, हो म्हणणाऱ्याकडे बघितलं. तो हो म्हणाला. त्यांनी विषयापुढे गोगलगाय लिहिलं, सही केली आणि म्हणाल्या, "आकडा मांजराचा, विषय गोगलगायीचा. कुणी विचारलं तर मी रिटायर झालेली असेन." मग जाता जाता त्या फळीपाशी थांबल्या. डब्यात एक घासलेल्या कडेची गोगलगाय होती, कवचावर नवी साय धरलेली. "हे आतून भरतं का बाहेरून?" त्यांनी विचारलं. आत्या सांगायला लागली. घड्याळवाला दोनदा खोकला. त्या ऐकतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे डबे परत नेले. मी, आत्या आणि तुझा बाबा, पिशव्या, खोकी, एक बादलीसुद्धा. वॉचमन बोर्डाकडे न बघता उठला आणि दार धरून उभा राहिला. लिफ्टपाशी साहेब भेटले. सोफा त्यांच्या स्वतःच्या केबिनमध्ये गेला होता आणि त्यांना आता टेबलापाशी जायला त्यावरून चढून जावं लागत होतं, असं कळलं.

"अभिनंदन, मॅडम," ते म्हणाले. "मग, पुढचा पेपर कधी?"

"कवच भरलं की."

"त्याला किती वेळ लागतो?"

"गोगलगाय आहे, साहेब."

लिफ्टमध्ये आम्ही आणि डबे मिळून मावत नव्हतो, म्हणून साहेब जिन्याने आले.